सायबाच्या हातातला दंड

अमरावतीचे कॅथीड्रल ज्या संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाने उभे आहे, त्याचा सण ३ डिसेंबरला असतो. १५५२ साली याच दिवशी चीनच्या किनाऱ्यालगत त्याचा देह पडला. १५५४ मध्ये तो गोव्यास आणला गेला. सणाचा खरा थाट तिथलाच.

आम्हां मराठी माणसांना या सणामागचा इतिहास थोडा बोचतो. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी गोव्यालगतचे जुवे बेट घेतले. हादरलेल्या विजरईने शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवला. पुढे मोगल फौज कोकणात उतरली म्हणून महाराज परतले. श्रेय मात्र संताच्या पदरात पडले! राज्य रक्षणारा तो, ही समजूत तेव्हापासून रुजली.

१९६१ साली पोर्तुगीज गेले, सण राहिला. आधी नऊ दिवस नोव्हेना, मग जुन्या गोव्यात मोठी जत्रा. मेणबत्त्या, नवसाचे मेणाचे हातपाय आणि खाज्यांचे ढीग. ज्याला आमच्याविरुद्ध उभे केले होते, त्यालाच ‘गोंयचो सायब’ म्हणत आज हिंदूही रांगेत उभे राहतात. याच महिन्यात बहिरमच्या यात्रेला जाणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या माणसाला तिथे परके वाटायचे नाही. फक्त रोडग्याऐवजी हातात खाजे येईल.