धनी गेले, वास्तू राहिल्या
बऱ्हाणपूर परिसरातील किल्ले व राजवाडे : एक दर्शन



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना दूरच्या साम्राज्यांकडे जाण्याचे कारण मला दिसले नाही. ज्या गावात आपली शाळा उभी आहे, त्या गावाच्या एका अंगाला शाही किल्ला आहे, नदीपलीकडे आहूखाना आहे, उत्तरेस अशीरगड आहे. बाहेरगावचा पाहुणा आला म्हणजे आपण त्याला या स्थळी नेतो, मुमताज बेगमेची कथा सांगतो आणि परत येतो. कथा खोटी नाही. परंतु तेवढ्याने या वास्तू पाहून होत नाहीत. त्या कशा पाहाव्यात आणि त्यांच्याशी आपले नाते काय, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

नात्याचा प्रश्न मी मुद्दाम प्रथम घेतो. जर्मनीत मोझेल नदीच्या खोऱ्यात, रानाने वेढलेल्या एका खडकावर एल्ट्झ नावाचा किल्ला आहे. बाराव्या शतकापासून तो एकाच घराण्याकडे आहे. तीसहून अधिक पिढ्या झाल्या. आज ते घराणे तो किल्ला लोकांना पाहावयास खुला ठेवते. तेथे जाणारा प्रवासी कोणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून जातो. युरोपच्या ग्रामीण भागांत अशा कितीतरी वास्तू आहेत, की ज्यांना वारस आहे आणि म्हणून छप्पर आहे.

आपल्याकडील स्थिती याहून अगदी वेगळी आहे. इ. स. १४०० च्या सुमारास नसीरखान फारूकी याने हे शहर वसविले आणि संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. फारूकींची सत्ता दोनशे वर्षे टिकली. १६०१ मध्ये ती मोगलांनी संपविली. १७२० मध्ये निजामुल्मुल्काने अशीरगड व बऱ्हाणपूर घेतले. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये ही दोन्ही स्थळे पेशव्यांकडे आली, पुढे शिंद्यांकडे गेली आणि अखेर इंग्रजांकडे. यांपैकी फारूकी सोडले तर कोणाचेही मूळ घर येथे नव्हते. मोगल शाहजादे सुभेदारी करावयास आले आणि बदली झाली तसे निघून गेले. निजामाचे घराणे हैदराबादला स्थिरावले, शिंद्यांचे ग्वाल्हेरला. आणि ज्या फारूकींचे हे घर होते, त्यांचा शेवटचा राजा बहादूरखान कैदी होऊन येथून गेला. म्हणजे या वास्तूंना धनी पुष्कळ झाले, परंतु वारस कोणी उरला नाही. त्यांच्या दुरवस्थेचे मूळ, माझ्या मते, येथे आहे.

पाणी कोठून येते?

जुनी वास्तू पाहावयास गेल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा. शाही किल्ल्याच्या बाबतीत तर तो विचारलाच पाहिजे. तापीच्या उंच काठावर हा किल्ला उभा आहे. दुसरा आदिलखान फारूकी (१४५७-१५०१) याच्याकडे त्याच्या उभारणीचे श्रेय जाते. मोगलांनी त्यात दिवाणखाने व हमाम यांची भर घातली. आज बराचसा भाग ढासळला आहे. तरी नदीकडील तट पात्रातून पाहिला, म्हणजे मूळच्या विस्ताराची कल्पना येते. तेथेच पात्रात दगडी हत्ती आहे. पुराच्या दिवसांत या हत्तीवरून पाण्याचा अंदाज घेणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

किल्ल्यातील हमामात शिरल्यावर सर्वांची नजर छताकडे जाते. चुन्याच्या गिलाव्यावर रंगविलेली वेलबुट्टी तेथे अजून दिसते, आणि तिच्यातील एखादी आकृती दाखवून ताजमहालाची पहिली कल्पना येथेच सुचली असे वाटाडे सांगतात. श्रोत्यांना ते आवडते. परंतु छत पाहून झाल्यावर दृष्टी खाली हौदाकडे न्यावी. हमामाला वाहते पाणी लागते, आणि तेही स्वतःच्या ओघाने येणारे. तापी खाली आहे, किल्ला वर आहे. पावसाळ्यात नदी गढूळ असते, उन्हाळ्यात आटते, आणि वेढा पडला की तिच्या घाटावर जाता येत नाही. मग एवढ्या लष्कराला, दरबाराला आणि वाढत्या वस्तीला पाणी कोठून मिळावे?

याचे उत्तर किल्ल्यात नाही. ते शहराबाहेर, सातपुड्याच्या पायथ्याशी, जमिनीखाली आहे. अब्दुर्रहीम खानखाना येथे सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली हे काम झाले. सातपुड्यावर पडणारे पावसाचे पाणी जमिनीत मुरून उताराने तापीकडे झिरपत जाते. ते वाटेतच अडवून भुयारी पाटात घ्यावयाचे, पाटाला अगदी बेताचा उतार द्यावयाचा आणि ठरावीक अंतरावर वरपर्यंत विहिरींसारख्या कुंड्या बांधावयाच्या. कुंड्यांतून हवा खेळते, गाळ काढावयास माणूस उतरू शकतो आणि पाण्याला मोटेची गरज पडत नाही. इराणात ज्याला कनात म्हणतात, तीच ही रीत. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण, खुनी भंडारा ही तिच्या निरनिराळ्या उगमस्थानांची नावे. एकट्या खुनी भंडाऱ्याच्या मार्गावर शंभराहून अधिक कुंड्या आहेत, म्हणून त्यास कुंडी भंडाराही म्हणतात. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला.

या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. ज्या राजवाड्यासाठी पाणी आणले तो पडका झाला. पाणी मात्र चारशे वर्षांनंतरही वाहते आहे. याचे कारण बांधणीच्या गुणात आहे तसेच उपयोगातही आहे. ज्या वास्तूची लोकांना रोज गरज भासते, तिच्याकडे लोकांचे लक्ष राहते.

दार कोणाकडे तोंड करून आहे?

दुसरा प्रश्न वाटेचा. अशीरगड शहरापासून उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर, खंडव्याच्या रस्त्यावर आहे. पायथ्यापासून गडमाथा साडेआठशे फुटांच्या आसपास उंच. मलयगड, कमरगड आणि अशीरगड अशा तीन टप्प्यांनी त्याची तटबंदी चढत जाते. वर महादेवाचे मंदिर आहे. तेथे अश्वत्थामा रोज पहाटे फूल वाहून जातो ही श्रद्धा आपण लहानपणापासून ऐकत आलो. मशीद आहे, तलाव आहेत, इंग्रजांच्या कबरीही आहेत.

एवढा मोठा गड नेमका येथेच का, हे गडावरून पाहिले म्हणजे कळते. नर्मदा आणि तापी यांच्यामध्ये सातपुड्याची भिंत आहे आणि त्या भिंतीत येथे खिंड पडली आहे. उत्तरेचे लष्कर दक्षिणेत उतरावयाचे तर ते याच वाटेने. म्हणून याला दक्षिणेचे दार म्हणत. भुसावळहून खंडव्याला जाणारा लोहमार्गदेखील हीच खिंड धरून जातो. वाट एकदा भूगोलाने ठरविली की सत्ता बदलून ती बदलत नाही.

१६०० मध्ये अकबर स्वतः बऱ्हाणपुरास येऊन राहिला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड त्याच्या हाती आला. गडात रोगराई पसरल्यामुळे तो पडला असे दरबारी इतिहासकार लिहितात. लाच देऊन तो फोडला असे छावणीत असलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या लेखनावरून दिसते. सुरुंग आणि तोफा यांच्यापुढे तट मात्र नमला नव्हता, एवढे दोन्ही पक्षांकडून सिद्ध होते.

मराठ्यांच्या इतिहासात हे दार वारंवार येते. जानेवारी १६८१ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजांनी बऱ्हाणपूरच्या तटाबाहेरील बहादुरपुऱ्यावर झडप घातली, त्याचा धक्का थेट औरंगजेबापर्यंत पोहोचला. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत बाजीरावाने बऱ्हाणपुरावर जात असल्याची हूल देऊन निजामाला हलविले. हे शहर निजामाला किती मोलाचे वाटे, याचा हा पुरावाच होय. निजामाने १७३१ मध्ये शहराभोवती विटांचा कोट बांधला. १७६० च्या एप्रिलात पानिपताकडे निघालेले सदाशिवरावभाऊंचे सैन्य याच वाटेने उत्तरेत गेले. त्यांतील किती परतले, हे आपण जाणतोच.

इंग्रजांनी ऑक्टोबर १८०३ मध्ये प्रथम बऱ्हाणपूर आणि पाठोपाठ अशीरगड घेतला. त्याच वर्षाअखेरीच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने तो शिंद्यांना परत मिळाला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना येथे आश्रय मिळाल्याचा संशय इंग्रजांना होता. १८१९ च्या मार्चमध्ये डव्हटन व माल्कम यांनी वेढा दिला. किल्लेदार जसवंतराव लाड तीन आठवडे लढला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागून तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक काळ लोटला होता. शेवटच्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवट पुण्यास झाला असे आपण समजतो. वास्तविक तो आपल्या डोळ्यांसमोरच्या या डोंगरावर झाला.

लेख कोणत्या भाषेत आहे?

तिसरा प्रश्न लेखाचा. शहराच्या मध्यभागी असलेली जामा मशीद राजवाडा नव्हे. परंतु राजाचे मन पाहावयाचे तर ते येथे दिसते. राजा अलीखान फारूकी याने ती बांधविली. आत अरबी लेख आहे आणि त्याच्या जोडीला देवनागरीत कोरलेला संस्कृत लेखही आहे. सृष्टिकर्त्याला नमन करून तो सुरू होतो, फारूकी घराण्याची वंशावळ देतो आणि विक्रम संवत १६४६, शके १५११ अशी कालगणना तिथी-नक्षत्रांसह नोंदवितो. म्हणजे पंचांग पाहणारा पंडित मशिदीच्या बांधकामाशी निगडित होता आणि आपल्या प्रजेतील मोठा वर्ग कोणती लिपी वाचतो याचे भान राजाला होते. पुढे अशीरगड जिंकल्यावर अकबरानेही याच मशिदीत आपल्या विजयाचा लेख फारशीत कोरविला. एकाच इमारतीत एक लेख वंशाची परंपरा सांगतो, तर दुसरा त्या वंशाचा शेवट सांगतो. राजा अलीखान स्वतः १५९७ मध्ये मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला होता. हा दुसरा लेख पाहण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.

वाटेत थांबलेली माणसे

आता आहूखान्याकडे वळू. १७ जून १६३१ रोजी मुमताज बेगम चौदाव्या अपत्याला जन्म देऊन येथे निवर्तली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते दफन करण्यात आले आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. जगाच्या दृष्टीने बऱ्हाणपूरची ओळख या सहा महिन्यांपुरती. पण येथे अंत झालेली ती एकटी नव्हे. शाहजादा खुस्रौ १६२२ मध्ये येथेच गेला. पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारा मिर्झाराजा जयसिंग, विजापूरच्या मोहिमेत अपयश येऊन परतत असता, १६६७ मध्ये येथेच मरण पावला. मोहना व तापी यांच्या संगमावर बोहर्डा गावी त्याची छत्री आहे. पहिला निजाम १७४८ मध्ये येथेच वारला. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येक इतिहासप्रेमी माणसाला मी बोहर्ड्याला जावयास सांगतो. पुरंदरचा तह आपण शाळेत पाठ करतो. तो करणाऱ्याचा शेवट कोठे झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

या थोरामोठ्यांच्या गर्दीत एक वर्ग नेहमी नजरेआड होतो. सतराव्या शतकात येथून गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाला शहरातील घरे गवताने शाकारलेली आणि बरीच पडझड झालेली दिसली. परंतु येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जाते, हेही त्याने नोंदविले. राजवाड्यांचा खर्च ज्या महसुलातून चालला, त्यात या विणकरांच्या मागाचा वाटा होता. सुभेदार गेले, माग गेला नाही. आज तो विजेवर चालतो, एवढाच फरक.

वारस कोण?

आरंभी मी म्हटले, की या वास्तूंना वारस उरला नाही. ते विधान आता पुरे करतो. ज्यांच्या पूर्वजांनी विटा भाजल्या, भुयारे खणली, कापड विणले, वेढ्यात उपासमार सोसली, ते लोक येथेच राहिले. शाळेच्या हजेरीपटावर मराठी, निमाडी, गुजराती, उर्दू बोलणाऱ्या घरांतील जी नावे आपण वाचतो, तीच या वास्तूंच्या खऱ्या वारसांची नावे होत. शाही किल्ला आणि अशीरगड पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत हे खरे. परंतु पहारेकरी भिंत सांभाळू शकतो, तिचा अर्थ सांभाळणे त्याचे काम नव्हे. गिलाव्यावर खिळ्याने नाव कोरणारा मुलगा बहुधा द्वाड नसतो. ही भिंत आपली आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपल्या घराच्या भिंतीवर तो तसे करीत नाही.

म्हणून शाळेला आणि माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. दरवर्षी एका वर्गाने एक वास्तू घ्यावी. तिचे मोजमाप करावे, चित्रे काढावीत, शेजारच्या वृद्धांना विचारून ठिकाणांची नावे लिहून ठेवावीत, आणि पाणी, वाट व लेख हे तीन प्रश्न तिला विचारावेत. त्याची वही शाळेच्या ग्रंथालयात राहावी. पुढील वर्षीच्या वर्गाने ती पडताळून पाहावी. कोणती कमान पडली, कोणते चित्र पुसले, याची नोंद करावी. या कामाला निधी फारसा लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो, आणि तो शाळेइतका दुसऱ्या कोणापाशी नसतो.