शुष्क बर्फाचे संप्लवन
शुष्क बर्फ, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, उष्णता मिळाल्यावर वितळत नाही. त्याचे थेट वायूत रूपांतर होते. या क्रियेस संप्लवन म्हणतात. समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबास ती उणे ७८.५ °से. तापमानास घडते. कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात टिकण्यास या दाबाच्या पाचपटींहून अधिक दाब लागतो.

दाब घटला की संप्लवनाचे तापमानही उतरते. अहमदनगर (अहिल्यानगर) शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्याने तेथे ते जवळपास १ अंशाने, तर अकोले तालुक्यातील कळसूबाई शिखरावर (१,६४६ मीटर) सुमारे अडीच अंशांनी कमी असते. व्यवहारात हा फरक जाणवत नाही.

संप्लवन चालू असताना तुकड्याचे तापमान वाढत नाही. मिळालेली उष्णता अवस्थांतरातच खर्ची पडते. १ किलोग्रॅमसाठी सुमारे ५७० किलोज्यूल उष्णता लागते. साधा बर्फ वितळण्यास ३३४ किलोज्यूल पुरतात. तुकड्याभोवती दिसणारे पांढरे धुके कार्बन डायऑक्साइडचे नसते. हा वायू रंगहीन आहे. धुके हवेतील बाष्पाचे संघनन होऊन बनलेल्या सूक्ष्म जलकणांचे असते. तुकड्यावर धातूचे नाणे दाबल्यास ते किणकिणते, कारण खालून सुटणारा वायू त्यास वारंवार उचलतो.

१ किलोग्रॅम शुष्क बर्फापासून खोलीच्या तापमानास सुमारे ५५० लिटर वायू निर्माण होतो. त्यामुळे तो घट्ट झाकणाच्या बाटलीत भरल्यास बाटली फुटते. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळघर, खड्डा किंवा बंद मोटारीत साचून गुदमरण्याचा धोका असतो. जिल्ह्यातील साखर पट्ट्यास हा धोका दुसऱ्या वाटेनेही परिचित आहे: मळीच्या किण्वनात मद्यार्काच्या जवळजवळ वजनाइतकाच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टाकीच्या तळाशी साचतो. हाच वायू शुद्ध करून, द्रवरूप करून शुष्क बर्फ बनवता येतो.

उघड्या हाताने धरल्यास त्वचेला हिमदाह होतो. गिळल्यास इजा तोंडापुरती राहत नाही. मार्च २०२४ मध्ये हरियाणातील गुरुग्राम येथे एका उपाहारगृहात मुखशुद्धी म्हणून दिलेला शुष्क बर्फ खाल्ल्याने पाच जणांच्या तोंडातून रक्त येऊन त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. लग्नसमारंभांत पेयांतून धूर दाखवण्यासाठी हा पदार्थ वापरतात. तेथे तुकडा पूर्ण नाहीसा होईपर्यंत पेय पिऊ नये.