कमी दावाचा पोकर : नाल भरून नफा उरतो का?

पोकर हा खेळाडूंनी एकमेकांविरुद्ध खेळायचा पत्त्यांचा खेळ आहे. रूलेटसारख्या खेळात खेळाडूची लढत थेट कॅसिनोशी असते. पोकरमध्ये कॅसिनो केवळ टेबल, पत्ते आणि पत्ते वाटणारा कर्मचारी पुरवतो, आणि त्याबद्दल प्रत्येक डावात मध्ये जमलेल्या रकमेतून, म्हणजे पॉटमधून, ठरावीक हिस्सा काढून घेतो. इंग्रजीत याला रेक म्हणतात. आपल्याकडील जुगाराच्या जुन्या बोलीत त्याला नाल असा शब्द आहे. ही प्रथा नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावेत आणि फासे, जागा व पाणी यांचे मोल वेगळे आकारावे, असे सांगितले आहे. आजही नालीचा प्रचलित दर शेकडा पाचच्या आसपासच आढळतो.

नालीचे गणित

नाल नसेल तर एकाने गमावलेला रुपया दुसऱ्याच्या हाती जातो आणि टेबलावरील एकूण रक्कम तेवढीच राहते. नाल आली की ही रक्कम डावागणिक घटू लागते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नऊ खेळाडूंचे टेबल आहे. पत्ते वाटण्यापूर्वी दोन खेळाडूंना अनुक्रमे ५० आणि १०० रुपये सक्तीने लावावे लागतात. या रकमांना लहान व मोठा ब्लाइंड म्हणतात. प्रत्येक जण १०,००० रुपये घेऊन बसला आहे. सरासरी पॉट १,५०० रुपयांचा आणि नाल ५ टक्के धरली, तर एका डावामागे ७५ रुपये जातात. तासाला असे वीस डाव झाले तर १,५०० रुपये, म्हणजे दरडोई सुमारे १६७ रुपये टेबलाबाहेर जातात. आठ तासांत हा आकडा १२,००० रुपये होतो. एका खेळाडूने आणलेल्या संपूर्ण रकमेहून तो अधिक आहे.

मोठ्या दावाच्या टेबलावर हा भार तुलनेने हलका असतो. बहुतेक ठिकाणी एका डावातील नालीला कमाल मर्यादा असते. पॉट मोठा झाला की ही मर्यादा गाठली जाते आणि पुढील रकमेवर काहीच द्यावे लागत नाही. लहान पॉट त्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून त्यांच्यावर पूर्ण टक्केवारी लागते. कमी दाव लावणारा खेळाडू रुपयांत कमी देतो, पण प्रमाणात जास्त देतो.

कौशल्याची बाजू

तरीही केवळ नालीमुळे नफा अशक्य ठरत नाही. कमी दावाच्या टेबलावर हौशी खेळाडू अधिक असतात. हाती काही नसताना पैसे लावत राहणे, हरलेले भरून काढण्यासाठी दाव वाढवणे, या त्यांच्या चुकांतून सावध खेळाडूची कमाई होते. शिवाय नाल पॉटमधून निघते. त्यामुळे मोजकेच डाव खेळणारा आणि बाकीचे पत्ते टाकून देणारा खेळाडू नालीचा भारही कमी उचलतो. अशा खेळाडूला नाल वजा जाता तासाला तीन मोठे ब्लाइंड, म्हणजे आपल्या उदाहरणात ३०० रुपये, सरासरीने मिळणे शक्य आहे.

मात्र ही सरासरी दिसायला फार काळ लागतो. शंभर तासांत, म्हणजे साधारण दोन हजार डावांत, या खेळाडूचा अपेक्षित नफा ३०,००० रुपये होईल. परंतु तेवढ्याच काळात निव्वळ पत्त्यांच्या नशिबाने होणारा चढउतार साधारण ४०,००० रुपयांचा असतो. याचा अर्थ, चांगला खेळाडूही शंभर तासांनंतर तोट्यात असू शकतो आणि सुमार खेळाडू स्वतःला पारंगत समजू शकतो.

भोपाळचा खेळाडू कुठे खेळणार?

भोपाळमध्ये राहणाऱ्या व्यक्तीपुढे पहिला प्रश्न नफ्याचा नसून कायद्याचा आहे. मध्य प्रदेशात १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा लागू आहे. त्यातील जुगार अड्ड्याची व्याख्या नेमकी नालीभोवतीच फिरते. ज्या जागेत पत्ते, फासे आदी साधने मालकाच्या किंवा चालकाच्या लाभासाठी ठेवली जातात, मग तो लाभ साधनांच्या भाड्यातून असो वा जागेच्या, ती जागा अड्डा ठरते. निव्वळ कौशल्याच्या खेळांना याच कायद्यात सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. क्लबने सुविधांसाठी आकारलेले शुल्क आक्षेपार्ह नाही, पण खेळातून चालक नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असेही त्याच निकालात म्हटले आहे. पोकरबाबत उच्च न्यायालयांत एकमत नाही. कर्नाटकात २०१३ मध्ये त्याला अनुकूल निर्णय झाला, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच ठरवला.

मोबाइलवरील पोकरचा मार्गही आता बंद आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली.

उरतो तो परवानाप्राप्त कॅसिनोचा पर्याय, आणि त्यासाठी भोपाळहून येणाऱ्याला बहुधा गोवाच गाठावा लागतो. १९७६ च्या गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना वाट मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरील खेळही आले. मांडवीतील तरंगते कॅसिनो त्याच तरतुदीवर उभे आहेत. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना या कॅसिनोंत खेळण्यास मज्जाव आहे. पर्यटकाला मात्र मुभा आहे.

करांचा घाव

पर्यटकाला इथे नालीहून जड ओझे भेटते. चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर वस्तू व सेवा कर लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. १०,००० रुपयांच्या चिप्सवर तो ४,००० रुपये होतो. हा सारा भार ग्राहकावर टाकला गेला, तर तासाला ३०० रुपये कमावणाऱ्या खेळाडूला तो भरून काढण्यासच तेरा तासांहून अधिक बसावे लागेल.

त्यानंतर प्राप्तिकर आहे. पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर, शिवाय उपकर लागतो. खर्चाची वजावट नाही आणि हरलेली रक्कम त्यातून वळती करता येत नाही. समजा, वीस रात्रींपैकी अकरा रात्रींत मिळून १,१०,००० रुपये जिंकले आणि नऊ रात्रींत ८०,००० हरले. हाती ३०,००० उरले. तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला तर कर १,१०,००० वर बसतो आणि ४ टक्के उपकरासह ३४,३२० रुपये होतो. जिंकलेला खेळाडू कर भरून तोट्यात जातो.

निष्कर्ष

केवळ नालीचा विचार केला तर कमी दावाचा पोकर संयमी खेळाडूला थोडाफार नफा देऊ शकतो. कर, प्रवास आणि राहण्याचा खर्च मोजला की तो नफा टिकत नाही. म्हणून या टेबलावर बसणाऱ्याने नेलेली रक्कम करमणुकीचा खर्च म्हणून आधीच वजा धरावी. घरखर्चाचा किंवा कर्जाचा पैसा त्यात घालू नये, आणि हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा चिप्स घेऊ नयेत. प्रत्येक नव्या खरेदीवर कर नव्याने लागतो, आणि नाल तर प्रत्येक डावात जातच असते.