सभा तहकूब, पण कधीपर्यंत?

19 ऑक्टोबर 1988. लंडन लाइफ ही 1806 सालची आयुर्विमा संस्था, मालकी विमेदार सभासदांचीच. एएमपी या ऑस्ट्रेलियन संस्थेत विलीन व्हायचं का, हे ठरवायला बार्बिकन सेंटरच्या सिनेमागृहात विशेष सभा भरली. माणसं इतकी लोटली की जागा पुरेना. जादा मंडळींना जवळच्या खोल्यांत बसवून दृकश्राव्य यंत्रणा जोडून दिली. नेमका तिनेच दगा दिला. खोल्यांतल्यांना सभेत भाग घेता येईना आणि अध्यक्षांना त्यांचं मत कळेना.

अध्यक्षांनी सभा तहकूब केली आणि त्याच दुपारी कॅफे रॉयलमध्ये पुन्हा भरवली. ठराव मंजूर झाला. एका सभासदाने कोर्टात दावा लावला.

तहकुबीचे नियम तोवर चांगले जुने झाले होते, पण ते रचले होते न आलेल्या माणसांसाठी. 1862 च्या ब्रिटिश कंपनी कायद्याची नमुना नियमावली सांगे: तासाभरात गणसंख्या जमली नाही, तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ठिकाणी. भारताच्या 1956 च्या कायद्यात तासाचा अर्धा तास झाला. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांनी तर आठवडाही वाचवला. ‘गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल’ ही ओळ नोटिशीत आधीच छापलेली असते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. त्यामुळे मुरलेले सभासद घरून निघतातच अर्धा तास उशिरा!

लंडनमध्ये उलटं झालं होतं. माणसं आली होती, तारा चालल्या नव्हत्या.

अपील न्यायालयात सर निकोलस ब्राउन-विल्किन्सन यांनी या गोंधळाचे धागे सुटे केले. सगळे एकाच खोलीत नसले तरी सभा होऊ शकते, मात्र प्रत्येकाला दिसलं, ऐकू आलं आणि बोलता आलं पाहिजे. संस्थेच्या नियमांप्रमाणे तहकुबीला सभेची संमती लागे. ती विचारणंच अशक्य झाल्यावर अध्यक्ष स्वतःच्या अधिकारात तहकुबी देऊ शकतात. इथवर अध्यक्ष जिंकले. अडले ते नव्या वेळेवर. सकाळी आलेल्या पण दुपारी मोकळ्या नसलेल्या सभासदाने काय करायचं? प्रतिनिधीमार्फत मत द्यावं, तर त्याचे कागद देण्याची मुदत केव्हाच उलटलेली. अध्यक्षांनी याचा विचारच केला नव्हता, म्हणून कॅफे रॉयलचा ठराव रद्द झाला. निकालाची खरी धार इथे आहे: यंत्र बिघडल्याचा दोष कोर्टाने अध्यक्षांना दिला नाही, घाईचा दिला.

भारतात 2013 च्या कंपनी कायद्याने संचालकांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहू दिलं. भागधारकांच्या वार्षिक सभांना ही वाट मिळाली ती टाळेबंदीत, 5 मे 2020 च्या परिपत्रकाने. ठरलेल्या वेळेच्या 15 मिनिटं आधीपासून 15 मिनिटं नंतरपर्यंत दार उघडं ठेवा, असं त्यात बजावलं होतं.

संचालकांच्या सभेत गणसंख्या शेवटपर्यंत टिकावी लागते. एखाद्याचं नेट गेलं की मोजणी आलीच. गणसंख्येअभावी सभा होऊ शकली नाही आणि कंपनीच्या नियमांत वेगळं काही नसलं, तर 2013 चा कायदाही जुनंच उत्तर देतो: पुढच्या आठवड्यात, तोच वार, तीच वेळ, तेच ठिकाण. एक संचालक नागपुरात, दुसरा पणजीत, तिसरा विमानतळावर असला, तर ठिकाण कोणतं? 2014 च्या नियमांनी तेही सोडवलं आहे. नोटिशीत जो पत्ता छापला असेल, तेच सभेचं ठिकाण मानायचं.