मालेगावचा भुईकोट
नाशिक जिल्ह्यात मोसम नदीकाठी नारो शंकर राजेबहादूर यांनी १७४० च्या सुमारास बांधवून घेतलेला भुईकोट. नाशिकचे रामेश्वर मंदिरही (१७४७) त्यांचेच. डोंगराचा आधार नसल्याने सारी मदार दुहेरी तटबंदी, बुरूज आणि खंदकावर होती. तटाची मजबुती १८१८ मध्ये कसाला लागली. इंग्रज सेनापती मॅकडॉवेलने मे महिन्यात वेढा घातला. आतल्या अरब शिबंदीने हल्ले परतवत कित्येक आठवडे तग धरला. जूनमध्ये तोफगोळ्यांनी दारूकोठार उडाले, तट खचला आणि कोट पडला. किल्ल्यांच्या वर्णनात दिवाणखान्यांइतकीच दारूकोठारासारख्या जोडइमारतींचीही नोंद व्हायला हवी. इथे निकाल कोठारानेच लावला. आता कोटाच्या आवारात काकाणी विद्यालय भरते. उरलेल्या तटाची डागडुजी तातडीने व्हावी.