श्रीफळाचे कूळ

देवापुढचे श्रीफळ, विड्यातील सुपारी व लक्ष्मीपूजनाची शिंदीची केरसुणी या तिन्ही वस्तू ताडाच्या एकाच कुळातील झाडांनी दिलेल्या आहेत, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

या कुळाची ओळख सोपी आहे. माड व पोफळ यांची पाने पिसासारखी. पण पोफळ सडपातळ, सरळ आणि शेंड्याखाली हिरवीगार. शिंदीच्या पानाच्या देठाशी काटे असतात. ताडाचे पान पंख्यासारखे. भेरली माडाची पाती माशाच्या शेपटीसारखी. तो वरून खाली फुलत येतो व फुलोरा संपला की मरतो.

माडाने झाप, काथ्या व खराटा दिला, पोफळीच्या विरीने पत्रावळ दिली, ताडपत्रांनी पोथ्या जपल्या.

कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅम येथे छापला गेला. त्याचा आरंभच माडाने होतो. त्यातील ज्ञान मात्र इथल्या मातीचे. ईळवा समाजातील वैद्य इट्टी अच्युतन यांनी ते सांगितले. रंगभट, विनायक पंडित व आप्पूभट या कोंकणी वैद्यांची १६७५ ची साक्ष नागरी अक्षरांत त्यात छापलेली आहे.

आज माडावर चढणारे हात कमी झाले आणि झाडांची नावेही विसरत चालली. मंदिराची वास्तू नवी झाली. आता आवारात ही पाच झाडे लावून मुलांना नावानिशी ओळखविली, तर जीर्णोद्धार पूर्ण झाला असे म्हणता येईल.