शिलेदार, बारगीर आणि घाटातला एक फोटो

सायकल शर्यतींच्या इतिहासात एक फोटो अतिशय प्रसिद्ध आहे. पिरेनीज पर्वतातील रस्त्याच्या कडेला दगडी कठड्यावर वीस वर्षांचा एक तरुण बसला आहे. शेजारी त्याची सायकल आहे आणि तिला पुढचे चाक नाही. वर्ष आहे 1934, स्पर्धा आहे 'टूर द फ्रान्स' आणि तरुणाचे नाव आहे रने व्हिएतो. आपले चाक त्याने संघनायक आंतोनँ मान्ये याला देऊन टाकले आहे आणि मदतीच्या गाडीची वाट पाहत तो रडतो आहे.

या एका फोटोने त्यागाची एक कथा रचली आणि ती आजही सांगितली जाते. मात्र हा त्याग होता की चाकरी, हा प्रश्न कथेत सहसा विचारला जात नाही. तो विचारायचा तर थोडे मागे जावे लागते.

या स्पर्धेचे जनक आंरी देग्राँज यांना सांघिक डावपेचांचा तिटकारा होता. स्पर्धकाने स्वतःच्या पायांवर आणि स्वतःच्या जबाबदारीवर धावावे, ही त्यांची धारणा होती. 1911 साली मोरीस ब्रोको हा स्पर्धक पैशांसाठी दुसऱ्याला साथ देतो आहे असा संशय आल्यावर देग्राँज यांनी त्याला 'दोमेस्तीक' म्हणजे घरगडी म्हटले. अपमानित ब्रोकोने पुढच्या पर्वतीय टप्प्यात सर्वांना मागे टाकले. एवढी ताकद अंगी असूनही तो आजवर दुसऱ्यासाठी राबत होता, हे यावरून सिद्धच झाले, असा निष्कर्ष काढून देग्राँज यांनी त्याला बाद केले! शिवी म्हणून आलेला हा शब्द पुढे सहायक स्पर्धकाचे रूढ नाव बनला, हा भाषेचा एक विलक्षण सूड म्हणावा लागेल.

1913 साली तूर्मालेच्या घाटात यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. नियमानुसार परकी मदत वर्ज्य होती. सायकल घेऊन तो पायीच घाट उतरला, खालच्या गावातील लोहाराच्या भट्टीत त्याने स्वतःच्या हाताने चिमटा सांधला आणि पुढे निघाला. भात्यावर एका मुलाचा हात लागला, म्हणून तरीही त्याला दंडाची मिनिटे सोसावी लागली. मराठ्यांच्या घोडदळातील संज्ञा वापरायची तर क्रिस्तोफ हा शिलेदार होता : घोडे स्वतःचे, हत्यार स्वतःचे आणि नुकसानही स्वतःचेच.

1930 साली देग्राँज यांनीच राष्ट्रीय संघांची पद्धत आणली. सायकल-कारखान्यांच्या संघांची मक्तेदारी मोडावी हा त्यामागचा हेतू होता; परंतु राष्ट्राच्या नावाने बांधलेल्या संघात शिलेदाराचा बारगीर झाला. बारगिराचे घोडे सरकारचे असते. सरदाराचे घोडे पडले तर बारगिराने पायउतार व्हायचे.

इथे घाटातील डावपेचांचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाने धावणाऱ्याचे श्रम बरेच वाचतात, कारण तिथे खरा शत्रू वारा असतो. चढावर वेग मंदावतो, आडोशाचा लाभ घटतो आणि प्रत्येकाची ताकद उघडी पडते. मग घाटात संघाचा उपयोग काय? एक तर सहायक इतका जोराचा वेग ठेवतो, की प्रतिस्पर्ध्याला मुसंडी मारण्याचे बळच उरत नाही. दुसरे म्हणजे सकाळीच फुटून पुढे जाणाऱ्या तुकडीत संघ आपला एखादा माणूस पेरून ठेवतो. ही तुकडी पुष्कळदा जिंकण्यासाठी नसतेच. दुपारी नायक घाटमाथा ओलांडून एकटा पुढे येतो, तेव्हा मधल्या दरीत वारा अडवायला तो माणूस थांबलेला असतो. पुढे जाणे हेच इथे मागच्यासाठी थांबणे असते.

व्हिएतोकडे पुन्हा येऊ. कानजवळचा हा मुलगा हॉटेलात पोऱ्याचे काम करून आलेला होता आणि त्याची ही पहिलीच टूर होती. आल्प्समध्ये त्याने टप्पे जिंकले होते, पण पिवळी जर्सी मान्येच्या अंगावर होती. प्युइमोराँच्या उतारावर मान्येचे चाक मोडले आणि व्हिएतोने आपले दिले. दुसऱ्या दिवशी पोर्ते दास्पेच्या उतारावर पुन्हा मान्येवर संकट आले. व्हिएतो तेव्हा पुढे होता. तो मागे वळला, उतरलेला रस्ता पुन्हा चढून गेला आणि या वेळी त्याने सायकलच दिली. वास्तविक हे दुसरे कृत्य अधिक मोठे होते. परंतु लोकस्मृतीत ठसला तो कठड्यावरचा फोटो, आणि सांगताना दोन्ही दिवस एकमेकांत मिसळून गेले.

व्हिएतोने टूर गमावली ती या त्यागामुळे, असे कथा सांगते. आकडे तसे सांगत नाहीत. अखेरीस तो पाचवा आला, मान्येपेक्षा जवळपास एक तास मागे. त्या दोन दिवसांत गेली ती काही मिनिटे. एकट्याने घड्याळाशी झुंजण्याचा टप्पा त्या वर्षी प्रथमच ठेवला गेला आणि तो मान्येने जिंकला. 1947 साली तर पिवळी जर्सी दीर्घकाळ अंगावर वागवून व्हिएतोने ती अशाच 139 किलोमीटरच्या टप्प्यात गमावली. म्हणजे हिरावले गेले ते विजेतेपद नव्हे. आपल्या मर्यादेपर्यंत स्वतःसाठी धावून पाहण्याचा हक्क हिरावला गेला. कथेला हे पुरत नाही. तिला हुकलेला राजमुकुटच लागतो.

हाच प्रश्न 1986 साली उलट्या बाजूने उभा राहिला. आदल्या वर्षी पिरेनीजमध्ये ग्रेग लेमॉन्ड पुढे असताना संघाने त्याला आवरले आणि जखमी बेर्नार इनो जिंकला. पुढच्या वर्षी ऋण फेडण्याचे वचन इनोने जाहीरपणे दिले होते. प्रत्यक्षात पोच्या टप्प्यात पेद्रो देल्गादोला सोबत घेऊन तो निसटला. संघसहकारी पुढे असल्यामुळे लेमॉन्डला पाठलागही करता येईना. दुसऱ्या दिवशी इनोने पुन्हा मुसंडी मारली, पण तो थकून गळाला. आपण प्रतिस्पर्ध्यांना थकवत होतो, हे त्याचे समर्थन! अखेर आल्प द्युएझच्या माथ्यावर दोघे हात गुंफून आले. टप्पा इनोचा, टूर लेमॉन्डची. सांघिक डावपेच आणि दगा यांची कृती एकच असू शकते, फरक हेतूचा असतो. आणि हेतूचा फोटो निघत नाही.

विजेत्याने बक्षिसाची रक्कम सहकाऱ्यांत वाटावी, असा या खेळात प्रघात आहे. वाटता येते ते तो वाटतो. नाव मात्र अविभाज्य राहते. महाकाव्याच्या नायकाभोवतीच्या दुय्यम पात्रांविषयी आपण वर्गात बोलतो, तेव्हा त्यांचे मोठेपण त्यांनी काय दिले यावरून मोजतो. त्यांना स्वतःसाठी काय हवे होते, हे संहिता क्वचितच नोंदवते. व्हिएतोच्या बाबतीत ती नोंद कॅमेऱ्याने योगायोगाने करून ठेवली. त्या फोटोत चाक दिल्याचा अभिमान दिसत नाही. पुढे निघून गेलेल्या शर्यतीकडे पाहणारा एक तरुण दिसतो.